पिकवलेली टायरं

नोकरी मागायला आलेल्या बाईला समोरचा माणूस काय विचारतो? शिक्षण किती, आधी कुठे होतात, कॉम्प्युटर येतो का. मला नानांनी सांगितलं, "चप्पल काढ."

मी चरकलेच. जळगावहून असोद्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं ट्रकचं आवार, मधोमध एक मजली ऑफिस, आणि टेबलामागे धोतर, सदरा, टोपी घातलेला सत्तरीचा म्हातारा. मला वाटलं, आत देव असतील म्हणून काढायला सांगत असतील. काढली. तर नाना उठले, वाकले आणि त्यांनी ती चप्पल हातात घेतली! परक्या बाईची, धुळीने भरलेली चप्पल! उलटी करून तळवा बघितला, वाकवून बघितला, अंगठ्याने दाबला. कुणी पाहिलं तर काय म्हणेल, या विचाराने माझे कान तापले होते. चप्पल पुन्हा माझ्या पायाशी नीट ठेवून ते म्हणाले, "नक्षी शे. ये कामले."

हिशेब लिहायच्या कामासाठी आणलेली माझी फाइल त्यांनी उघडूनसुद्धा पाहिली नाही. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, उद्यापासून जाऊ नकोस, माणूस ठिकाणावर दिसत नाही. माझा भाऊ मात्र पोट धरून हसला. तो आधीपासून नानांच्याच गाडीवर ड्रायव्हर होता आणि त्यानेच मला तिथे पाठवलं होतं. तो म्हणाला, "अगं, त्यांनी तुला पास केलं. नाना माणसाचं तोंड बघतच नाहीत."

आणि ते अगदी खरं होतं. नानांना गाडी म्हणजे टायर. त्याच्या वरचं सगळं लटांबर. सकाळी आवारात आले की रांगेने उभ्या असलेल्या ट्रकांच्या टायरांवरून हात फिरवत जायचे. टायर ते म्हणतच नसत, 'पाय' म्हणत. "त्या गाडीना डावा पाय देखा जरा," असं ते फोनवर बोलायला लागले की नवीन माणसाला वाटावं, हा जनावरांचा डॉक्टर आहे. ड्रायव्हरचा चेहरा विसरायचे, पण त्याच्या गाडीचं कुठलं टायर कुठे घासलंय ते पाठ. मूळचे ते साक्रीकडच्या एका खेड्यातले. जळगावात येऊन जन्म गेला तरी भाषा तिकडचीच राहिली. मला अक्का म्हणायचे. वयाने मी त्यांच्या मुलीसारखी, पण ड्रायव्हर लोकांना मी झाडायचे ते ऐकून पहिल्याच आठवड्यात त्यांनी ही पदवी देऊन टाकली, आणि मग सगळं आवारच मला अक्का म्हणायला लागलं.

नानांचा एक कायदा होता. घासून गुळगुळीत झालेलं टायर त्यांच्या गाडीवर एक दिवस राहत नसे. बाकीचे मालक टक्कल पडलेल्या टायरांवर गाड्या पळवतात, नाना नाही. टायरवरची नक्षी जरा उथळ झाली की उतरव. त्यावरून ते कुणाशीही भांडायचे. धुळ्याला त्यांच्या साडूच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाची फुलांनी मढवलेली मोटार दारात उभी, बॅंड वाजतोय, आणि नाना त्या मोटारीच्या टायरापुढे उकिडवे बसले. उठले आणि म्हणाले, "ह्या गाडीम्हान नवरदेव जावाव नही." झालं! साडू हात जोडतोय, भटजी मुहूर्त टळतोय म्हणून ओरडतोय, नवरदेव फेटा सावरत रडकुंडीला आलाय, आणि नाना मोटारीसमोर रस्त्यावर मांडी घालून बसलेले. शेवटी नवरदेव मंडपवाल्याच्या टेम्पोत, खुर्च्यांच्या ढिगात बसून मांडवात पोचला. साडूने वर्षभर अबोला धरला. पण आमच्या ड्रायव्हरांच्या बायका ती गोष्ट सांगून सांगून नानांच्या पाया पडायच्या. नानांच्या गाडीवर नवरा आहे म्हणजे घोर नाही, असं त्या म्हणायच्या. आमची आईसुद्धा पुढे तेच म्हणायला लागली.

आता या शहाण्या माणसाचं वेड ऐका.

ऑफिसच्या मागच्या खोल्यांत नानांचं घर आणि वर गच्ची होती. कामाला लागून काही दिवस झाल्यावर कशालातरी मी वर गेले आणि दारातच थबकले. गच्चीभर टायरं! नवी कोरी, कंपनीचे कागद अजून चिकटलेली. काही आडवी, काही कठड्याला टेकून उभी, रणरणत्या उन्हात. आणि मधल्या मोकळ्या जागेत नानांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, वाळत घातलेले. जागाच नव्हती बिचारीला. कुरडया तर तिने टायरांच्या भोकांत कापड अंथरून घातल्या होत्या. त्या घरचा बिबडा तळला की रबराचा वास यायचा, पण काकूंनी तक्रार करायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

मी खाली येऊन म्हटलं, "नाना, नवी टायरं उन्हात टाकलीत! आत ठेवू या का?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी दुधात मीठ टाकायला सांगितलंय. "कच्चं शे ते आजून," ते म्हणाले. "पिकू दे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती हो! नानांचा बाप केळीचा व्यापार करायचा, हे स्वतः लहानपणापासून केळी पिकवायच्या वखारीत वाढले. घड कधी काढायचा, कधी झाकायचा, कुठल्या दिवशी उघडायचा, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि तेच सगळं त्यांनी उचलून टायराला लावलं होतं. कारखान्यातून येतं ते टायर कच्चं, मऊ. ते लगेच गाडीला लावलं तर लवकर झिजतं. खानदेशातलं ऊन खाऊन ते कडक झालं, पिकलं, की मग लावायचं. रोज संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन एकेक टायर अंगठ्याने दाबून बघायचे. "आते पिकनं," म्हणाले की ते खाली उतरायचं.

आणि दर रविवारी मालिश! हे मी पाहिलं तेव्हा तर तोंडात बोट घालायचंच बाकी राहिलं. एक पाट, एक फडकं आणि डब्यात इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल. नाना सदरा काढून बसायचे आणि गच्चीवरच्या आणि गाड्यांच्या टायरांना ते ऑइल चोळून चोळून जिरवायचे. आजीने बाळाला न्हाऊमाखू घालावं तसं. टायरं अशी काळीभोर चकाकायची की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, काकूंच्या गुडघ्यांना कधी तेल लावलंत का हो?" काकू आतून म्हणाल्या, "कशाला बोलतेस, अक्का? मला चाक असतं तर लावलं असतं."

हसायचो आम्ही. मीसुद्धा हसायचे. कारण त्यांचं म्हणणं खरं ठरताना दिसत होतं ना! उन्हात कडक झालेलं टायर खरोखरच कमी झिजायचं. दुसऱ्यांच्या टायरांची नक्षी जाऊन टक्कल पडायचं तेव्हा नानांच्या टायरांवर ती ठसठशीत असायची. मग बोलणार कोण?

तेव्हा टायरं गच्चीवर काही महिनेच राहायची आणि गाडीला लागायची. पण मग एका वर्षी वादळ आलं आणि आमच्या भागातल्या केळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. भरायला मालच नाही. निम्म्या गाड्या आवारात उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षीही फार काही हाललं नाही. वादळाच्या आधी नानांनी टायरांची मोठी खरेदी करून ठेवली होती, ती सगळी गच्चीवर उन्हाळ्यामागून उन्हाळा तशीच पडली. दुसरा माणूस हळहळला असता. नाना खुशीत! म्हणायचे, "अक्का, आसं पिकेल टायर बठ्ठा जिल्हाम्हा कोनाकडे नही."

बागा पुन्हा उभ्या राहिल्या, गाड्या भरू लागल्या, आणि ती टायरं गच्चीवरून खाली आली. सगळ्यात चांगली जोडी नानांनी निवडून माझ्या भावाच्या गाडीला पुढे लावली. तो त्यांचा लाडका होता म्हणून.

भाऊ चोपड्याकडची खेप करून आला होता. मी त्याचा डबा घ्यायला गाडीपाशी गेले. पायरीवर चढताना तोल जाईल म्हणून टायराला हात लावला, तर नख आत गेलं! मला आधी कळेचना. टायरात नख कसं जाईल? मी ओढणीने ते ऑइल पुसलं. त्या चकचकाटाखाली सगळ्या बाजूला भेगा. बारीक, खोल, एकीत एक गुंतलेल्या, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखल तडकतो तशा. वरची नक्षी मात्र नवी कोरी! मी दुसऱ्या बाजूचं पुसलं. तेच. शेजारच्या गाडीचं पुसलं. तेच.

त्याच दुपारी मी मोबाइलवर शोधलं. एक माणूस हिंदीत सांगत होता, टायर उन्हात ठेवू नका, टायराला ऑइल लावू नका, रबर सडतं. नक्षी कितीही असो, टायर जुनं होऊन बाजूला भेगा पडल्या की काढून टाका. करू नका म्हणून जे जे तो सांगत होता, ते ते आमच्याकडे भक्तिभावाने चाललं होतं!

मी मोबाइल घेऊन नानांपुढे उभी राहिले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "हाऊ मानूस कोठला शे? त्याना गावले केळी पिकस का?"

"नाना, केळीचं सोडा! भेगा बघा, भेगा! नख जातंय आत!"

"तुनी मायना टाचासले भेगा शेतस ना?" नाना म्हणाले. "मंग तिनी पाय बदला का?"

मी भांडले. ओरडले. टेबलावरच्या पावत्या फेकल्या. म्हटलं, "माझा भाऊ आहे त्या गाडीवर! एकुलता एक आहे! परवा त्याला भरल्या गाडीने सुरतेला जायचंय, या उन्हात, कोंडाईबारीचा घाट उतरून! पुढचं टायर फुटलं तर?" बाहेर ड्रायव्हर गोळा झाले. त्यांच्यात माझा भाऊही होता. आणि तो मलाच ओढायला लागला! "अक्का, गप. नानांना टायर शिकवतेस? नवरदेवाला गाडीतून उतरवणारा माणूस आहे तो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटी पडले. टक्कल पडलेल्या टायराला जो माणूस इतका भितो, तो आपल्याला वाईट टायरावर पाठवेल कसा, हेच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी रडायला लागले. चारचौघांत, भोकाड पसरून. नानांना रडणं बघवत नसे. ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मी बठसु त्याना बाजूले. मंग तं तुले पटी?"

मला वाटलं, बोलले आणि विसरतील. पण त्या सकाळी घड भरून, वर केळीची पानं झाकून, दोर आवळून गाडी तयार झाली तेव्हा हा सत्तरीचा म्हातारा खरोखर पिशवी घेऊन केबिनमध्ये चढला. काकूंनी दशम्या बांधून दिल्या होत्या. माझ्या भावाने हसून मला हात केला. मी हात केला नाही. मी त्या टायराकडेच बघत होते.

दुपारी फोन आला. नानांचा.

"अक्का," ते म्हणाले. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. "केळा बठ्ठा रस्तावर शेतस."

मी ओरडले, "नाना! माझा भाऊ?"

"जित्ता शे. पाय अडकना त्याना. काढी राह्यनात लोके."

त्यानंतर मी काय केलं, कुणाच्या गाडीत बसले, धुळं कधी आलं, मला सांगता येत नाही. आई शेजारी बसून काहीतरी पुटपुटत होती एवढंच आठवतं. साक्री मागे टाकून घाटाच्या अलीकडे डाव्या बाजूचं पुढचं टायर फुटलं होतं. सुरुंग उडावा तसा आवाज झाला, असं लोक सांगत होते. गाडी रस्ता सोडून खाली गेली, कलंडली, आणि मागचा माल केबिनवर आला. नानांचंच खेडं तिथून जवळ. शेतातली माणसं धावली, एकेक घड हातोहात बाजूला काढला आणि काच फोडून माझ्या भावाला ओढून बाहेर घेतलं. घाट सुरू झाला असता तर काढायला काही उरलं नसतं.

धुळ्याच्या दवाखान्यात भाऊ निजलेला. पाय मांडीपासून बांधलेला. पाय वाचला, पण पुढे तो सरळ कधी पडला नाही. आणि पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर नाना. कपाळाला टाके, हात गळ्यात बांधलेला, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे आणि रक्ताचे डाग. घरी जा म्हटलं तरी जात नव्हते. भाऊ डोळे उघडून काय म्हणाला असेल? "अक्का, नानांना चहा दे." मी म्हटलं, "विष देईन!"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आता तरी पटलं का?"

नानांनी अगदी मनापासून विचार केला, हे मी शपथेवर सांगते. आणि मान हलवत म्हणाले, "जास्त पिकनं. थोडं आधी लावाले पाहिजे व्हतं."

राग यायला हवा होता, पण रागसुद्धा आला नाही. स्वतःचा हात मोडलाय, समोर पोरगा पाय मोडून पडलाय, आणि हा माणूस अजून वखारीतच उभा होता! ह्यांच्यापुढे माझ्या कुठल्याही बोलण्याचा उपयोग नाही, हे त्या दिवशी मला कळलं. आवारातल्या बाकीच्या ड्रायव्हरांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागले. त्यांच्या बायका, लेकरं. त्यांच्याही गाड्यांना तीच टायरं होती.

भाऊ घरी आल्यावर मी नोकरी सोडायची म्हणून आवारात गेले. फाटकातच थांबावं लागलं. सगळ्या गाड्या जॅकवर, चाकं उतरवलेली. धुळ्याहून एक गाडी भरून नवी टायरं आली होती आणि ती थेट, गच्चीचं तोंड न बघता, गाड्यांना चढत होती. कच्ची टायरं! नाना एका कोपऱ्यात तिकडे पाठ करून बसले होते. काकू म्हणाल्या, "सकाळपासून जेवले नाहीत. बघवत नाही म्हणतात."

मी म्हटलं, "मग पटलं म्हणायचं की!"

"काही पटलं नाही गं. टायर चांगलंच होतं म्हणतात. पण अक्का रडली म्हणून बदलतो, एवढंच म्हणाले."

मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. हसू आलं आणि रडूही आलं. इतका पुरावा समोर असताना हा माणूस मानला नाही, आणि एका बाईच्या रडण्यावर सगळ्या गाड्या उघड्या करून बसला!

तेवढ्यात जुन्या टायरांचा एक व्यापारी आला. मारवाडी, धुळ्याचा, बोलायला गोड. उतरलेली टायरं त्याने फिरून बघितली, नक्षी बघितली आणि त्याचे डोळे चमकले. "नाना, काय माल आहे! सगळा मी उचलतो. वापरलेला वाटतच नाही."

"एक नंबर शे," नाना म्हणाले. आवाजात अजून अभिमान होता.

"मग बोला भाव."

"देवानं नही."

द्यायचं नाही म्हणजे घासाघीस आहे, असं व्यापाऱ्याला वाटलं. तो हसला, चहा प्यायला, पुन्हा पुन्हा भाव वाढवत राहिला. नाना हललेच नाहीत. तो वैतागून निघून गेल्यावर नाना उठले. आतून लोखंड कापायची करवत घेऊन आले. एक हात गळ्यात बांधलेला. चांगल्या हातात करवत धरून ते पहिल्या टायरापाशी बसले आणि त्याच्या बाजूला पातं लावलं.

ज्या टायरांना या माणसाने रविवारमागून रविवार मालिश केलं, ऊन दाखवलं, त्यांना तो करवत लावत होता. एका हाताने नीट कापता येईना. टायर सरकत होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला दुसरा हात नव्हता. ड्रायव्हर लांब उभे होते, कुणी पुढे येत नव्हतं.

मी जवळ जाऊन म्हटलं, आणि आवाजात सगळी कडू चव होती ती लपवली नाही, "चांगलं आहे ना टायर? एक नंबर ना? मग कापता कशाला, विका की! घेणारा आपणहून आला होता."

नानांनी मान वर केली नाही. करवत चालवत राहिले.

"घेनारना घर बी एखादी अक्का ऱ्हाईच," ते म्हणाले.

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी ते टायर घट्ट धरलं.